पोकळीचा दर

उद्यमबागेत, शेडच्या मागच्या अंगाला
आम्ही सहाजणी वाळूचे कोअर बनवतो.
कोअर म्हणजे काय, हे जावयालाही सांगून पटलं नाही.
पंपाच्या पोटात पाणी फिरायला जागा लागते ना,
ती जागा आम्ही करतो, वाळूची.
भोवती लोखंड ओततात, ते गार होतं,
मग हातोडी मारून आमची वाळू पाडून टाकतात.
उरते ती पोकळी.
पंप चालतो तिच्यामुळं,
आणि काट्यावर तिचं वजन शून्य.

सिद्राय माझ्याकडंच शिकला.
बॉक्स कुठं ठोकायचा, गॅस किती सोडायचा,
कुठली कड ढासळते.
आता तो दिवसाला एकशे दहा काढतो.
मी एकशे तीस.

पगाराच्या दिवशी चहाच्या वेळी
त्यानं आपली स्लिप माझ्या बाकावर ठेवली, उताणी.
"काय तरी चुकूलालंय गे अक्का," म्हणाला,
आणि भट्टीकडं बघत बसला.
साडेपाचशे रोज.
माझा चारशे दहा.
त्याच्या नावापुढं, कोअर मेकर.
माझ्या नावापुढं अकरा वर्षं हेल्पर.
कुणाची, ते लिहिलेलं नाही.

ऑफिसच्या दारामागं कन्नडमधला एक कागद आहे,
हळद लागल्यासारखा पिवळा.
मी रोज त्याच्याखाली चप्पल काढते.
त्या दिवशी निंगव्वानं बोट फिरवत वाचला :
समान केलसक्के समान वेतन.
"म्हंजे?" शाहीननं विचारलं.
"म्हंजे आपलंच. कधीपासनं भिंतीवर हाय."
त्यांच्यातलं समान आणि आमच्यातलं समान,
अक्षरं वेगळी, शब्द तोच.
या गावात कितीक पाट्यांना काळं फासलं गेलं,
या शब्दावरून एकदाही नाही.

देसूरकर साहेब म्हणाले, बायकांचं काम हलकं असतं.
मी भरलेला बॉक्स आणून त्यांच्या टेबलावर ठेवला.
अठरा किलो.
त्यांनी फक्त कागद बाजूला घेतले.
मग हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं,
"कायदा मलाही माहितीये हो.
एकच काम असलं तर एकच पगार.
म्हणून तर कामाचं नाव वेगळं ठेवलंय."

बेळगावचं बेळगावी झालं
तेव्हा बसच्या पाट्या किती पटकन रंगवल्या.
एवढं मोठं शहर नाव बदलून मोकळं झालं.
माझा एक शब्द बदलायला
काय लागतं मग, सांगा.

रजिस्टर पुढं सरकवलं. इथं सही.
सिद्रायच्या पेननं मी हेल्परवर रेघ ओढली
आणि वर लिहिलं, कोअर मेकर.
अक्षर वाकडं आलं, हात वाळूचे होते.
निंगव्वानं आपल्या नावापुढं कन्नडमध्ये लिहिलं,
शाहीननं उर्दूत, उजवीकडून.
बाकी तिघी दारातच थांबल्या.
त्यांना मी काही बोलले नाही,
एकीच्या पोरीचं लग्न आहे.
साहेब म्हणाले, रजिस्टर खराब केलंत.

पिरनवाडीच्या बसमध्ये उभ्यानं हिशेब केला.
एकशे चाळीस गुणिले सव्वीस.
अकरा वर्षांचं काढवेना,
आधी दर कमी, फरकही कमी,
आणि मधे बाळंतपणाचे तीन महिने.
कंडक्टरनं तिकीट दिलं, शून्य रुपयांचं.
बायकांना बस फुकट आहे हल्ली.
ते शून्य मी बराच वेळ बघत राहिले,
गोल, मधे रिकामं,
आमच्याच हातचं वाटावं असं.
मग तिकीट उलटं करून मागं लिहून ठेवलं :
३६४०.

पेन सिद्रायचं, माझ्याकडंच राहिलं.
उद्या द्यायचं आहे,
गेटवर आत सोडलं तर.