आठवीचा सत्रअखेर अहवाल

मुख्याध्यापक म्हणाले, इयत्ताप्रमुखांनी एका पानात आटपा,
पालकांना वेळ नसतो.

तर, आठवी. पट एकशे बेचाळीस.
सरासरी हजेरी ब्याण्णव टक्के.
सातपूरची बस चुकते, तो अर्धा तास
कुठल्या रकान्यात धरायचा, विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

विज्ञान प्रदर्शनात उत्तेजनार्थ.
द्राक्षांचे बेदाणे होताना रोज वजन करत होती पोरं.
वजन अपेक्षेपेक्षा फारच झपाट्याने घटलं.
ओवेसने कबूल केलं: चव बघत होतो, मॅडम.

शिस्त समाधानकारक.
म्हणजे सतरा नंबरचा बाक दुरुस्तीला गेलाय.

प्रार्थनेला जूनमध्ये उंचीनुसार लावलेल्या रांगा
आता खोट्या पडल्यात.
पहिला उभा राहणारा हर्षल बोरस्ते
फळ्याच्या वरच्या कडेची तारीख पुसतो, टाचा न उचलता.
याला गुण नाहीत.

प्रणिता गांगुर्डे.
दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक शब्द नाही.
समुपदेशक झाले, आजोबा येऊन गेले,
मी दोनदा रागावले, एकदा उगाच.
काल पेपर देऊन जाता जाता म्हणाली,
मॅडम, तुमचं पेन गळतंय.

तेव्हा वर टक्क्यांपाशी जो निळा डाग दिसतो
तो असू द्या. पान पुन्हा लिहिणार नाही.

थेटे सर, जूनपासून ही सगळी तुमच्या नववीत.
गंगेला पाणी सुटलं की खिडकीकडची बाकं ऐकत नाहीत,
हे तुम्हाला ठाऊक आहेच.
तरी सतरा नंबर दुरुस्त होऊन आला
तर तिला तिथेच बसवा.