भिंतीवरचा घाट

पडले ते पोस्टाच्या पायरीवरून.
हे आधी सांगते, कारण अख्ख्या गल्लीला वाटतं
जीपनेच पाडलं असणार बाईला,
या वयात.

डाव्या खांद्यात आता तीन बारीक खिळे आहेत.
डॉक्टर किर्पेकरांनी फोटो उजेडात धरला,
म्हणाले, दोर तुटला होता, परत बांधलाय,
सहा आठवडे हात झोळीत.
मी विचारलं, आणि गिअर?
ते हसले. मी नाही.

उजव्या हाताने भात कालवता येतो,
सही करता येते, निरांजन ओवाळता येतं.
डाव्याचं असं काय अडतं, लोक विचारतात.
त्यांनी यवतेश्वरच्या चढाला
तिसऱ्यातून दुसऱ्यात कधी टाकलेलं नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले.
कराडच्या लिलावात घेतली ही, सरकारी खात्यातली,
रंग उडालेली, मागचं दार दोरीने बांधलेलं.
तेव्हापासून दर रविवारी पाचला,
समर्थ मंदिर मागे टाकून वर.
कुठे जायचं असतं?
कुठेच नाही. पेट्रीपर्यंत. एक चहा, आणि परत.
बँकेत, बारशाला, लग्नाला, मयतीला,
जन्मभर कुठेतरी पोचायलाच निघत आले होते.

आता ती अंगणात, ताडपत्रीखाली.
बॉनेटवर मांजर झोपतं, तिथे ताडपत्रीला खळगा पडलाय.
रात्री कूस बदलता येत नाही,
मग खिडकीतून तिच्याकडे बघत पडून राहते.
तिचंही पुढचं डावं चाक बसलंय जरा.

ह्यांनी वेणी घालायला शिकून घेतलं.
तीन पेड, तिन्ही वेगळ्या जाडीचे.
हलू नकोस, म्हणाले,
आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा
मी हलले नाही.

नाझिया मुलाणी येते, मंगळवारी आणि शुक्रवारी.
तिने भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या:
बोटांनी चढायचं, मावशी, मुंगीसारखं.
मी रेघांना नावं दिली.
ही पहिल्या वळणाची.
ही, जिथे कठडा तुटलाय.
ही, जिथून आमच्या गच्चीवरची काळी टाकी
ओळखू येते, धुकं नसेल तर.
तुटक्या कठड्यापाशीच डोळ्यांत पाणी आलं.
थांबा, नाझिया म्हणाली.
म्हटलं, चढावर थांबलं की गाडी मागे येते.
मग हाफ क्लचवर धरा, ती म्हणाली.
म्हणजे हिलाही येतं तर.

शेजारच्या सुमेधला सांगून ठेवलंय,
रविवारी दहा मिनिटं चालू कर, बॅटरी उतरेल.
पोरगं उत्साहाने दारात मागेपुढे करतं,
आणि गिअर असा खरडवतं
की तो आवाज माझ्या तीन खिळ्यांतून जातो.

या रविवारी राहवलं नाही.
झोळी अडकवली, चपला सरकवल्या,
जाऊन बसले डावीकडच्या जागेवर.
अकरा वर्षांत तिथे मी कधी बसले नव्हते.
आणि कळलं,
इथून गिअर उजव्या हाताला येतो.

तू फक्त क्लच दाब, सुमेध. मी म्हणेन तेव्हा.
उजवा हात अडाणी.
गोटी मुठीत धरून चाचपडत राहिला,
डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या पोरासारखा.
आणि झोळीत डाव्याची बोटं
मिटत होती, उघडत होती:
दुसरा मागे आहे रे, सरळ मागे, ढकलू नकोस,
तो आपणहून जातो.

क्लच. सोड. क्लच.
अंगणातून गल्ली, गल्लीतून चौक,
त्याचे पाय, माझा हात, पेट्रोल कोणाचं विचारू नका.
चौकात दूधवाला सायकलवरून उतरला,
बघत राहिला दोघांकडे.
म्हणाला, काकू, गाडी चालवतंय कोण नक्की?

सुमेध उत्तरासाठी माझ्याकडे वळला
आणि गाडी बंद पडली.