वाजवून घेतलेले खांब

मौलालीच्या भंगाराच्या वखारीत
अकरानंतर लोखंडाला हात लावता येत नाही.
मी खिशातला पाना काढतो,
एकेकावर हलकेच मारतो, कान देतो.
पातळ पत्र्याचा चॅनल टणटण बोलतो, फार बोलतो.
गंजलेला नुसता भद्द.

"घ्या की वो वायरमन काका, नवा माल हाय,
चमकतोय बघा."
चमक मी पाहिलीय, पोरा.
एकतीस वर्षं मंडळाचे खांब रोवले,
मंद्रूपपासून भंडारकवठ्यापर्यंत.
लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत,
हे झोपेतही सांगेन.
पण तो तारेच्या खांबाचा हिशेब.
तार ओढते.
पॅनल उडतो.

गेल्या वैशाखात बसलिंगप्पाच्या रानातले
आठ पॅनल वाऱ्यानं उचलले.
एक ओढ्यापलीकडं सापडला, पालथा,
काच तडकलेली, खालच्या जमिनीसारखीच.
खांब वाकले नव्हते.
सरळसोट वर आले होते,
काँक्रीटचा गड्डा पायाशी तसाच,
मुळा उपटावा तसे.

तेव्हापासून कुणी विचारलं, किती वजन पेलेल,
तर मी गप्प बसतो.
वजन काय, बाभळीची मेढपण पेलते.

इरव्वा वखारीच्या दारात, पदर डोक्यावर.
"आपल्या काळ्या रानाला विचारलं का?"
विचारायचं काय. मेमध्ये भेगेत तिचा विळा पडला
तो अजून वर आलेला नाही.
आणि पावसाळ्यात हीच माती फुगते,
खांबाला काखेत धरून
दरसाल बोटभर वर सारते.
म्हणून साडेचार फूट काळी सोडून
खाली मुरमात शिरायचं.
मुरूम लागला की पहारीचा आवाज बदलतो.

कोपऱ्यात सहा पाइप आडवे.
बोअरची केसिंग, जाड, सहा इंची.
पांढऱ्या रंगात आकडा : ४१२.
हा तर माझ्या मेव्हण्याच्या बोअरचा.
कनेक्शन मीच दिलं होतं,
मोटार दोन दिवस चालली, मग नुसता वारा.

पाना मारला.
आवाज आत गेला, लांब गेला,
परत यायला त्यानं वेळ घेतला.

"पाणी न लागलेलं लोखंड
दारात उभं करणार?" इरव्वा.
मी उत्तर दिलं नाही. मौलालीनं काटा मांडला.
तिनं पुढं होऊन
हातातली पाटली पाइपावर आपटली, एकदा,
मग दुसऱ्यांदा.
"गंज खरवडा. तांबडा रंग, दोन हात.
आणि तोंडाला झाकण लावा,
नायतर गांधीलमाश्या घर करतील."

विजापूर नाका ओलांडला,
टेम्पोनं वेग घेतला
आणि मागं सहाच्या सहा पाइप घुमायला लागले.
ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं.
"वाजू दे," इरव्वा म्हणाली,
"उद्यापासून गप उभं ऱ्हायचंय त्यांना."