फुटाला एक सूत

जानेवारी संपला तेव्हा यादीत सात नावं होती,
फाडलेल्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर.
बडोदा. शांतिनिकेतन. हैदराबाद. बनारस.
मुंबई, कारण ती लिहायचीच असते.
दिल्ली, कारण नीलोफर म्हणाली.
सातवं परदेशातलं,
ज्याच्या अर्जाची फीच आमच्या महिन्याच्या वाणसामानाएवढी.
ते तेवढं पेन्सिलीनं लिहिलं.

चिवटे सर म्हणाले, नावं बघू नकोस, भिंती बघ.
तिथली पोरं भिंतीवर काय टांगतात ते बघ.
आणि स्टुडिओ रात्री उघडा असतो का, विचार.
एवढं बोलून सर माझ्याच डब्यात ब्रश बुडवून
माझंच आभाळ दुरुस्त करायला लागले.

वीस चित्रं पाठवायची असतात.
माझ्याकडे पंचगंगेचा घाट एकोणचाळीस वेळा आहे.
कोवळ्या उन्हातला, टळटळीत उन्हातला,
पुराची रेघ दगडावर वाळलेला.
रविवारी बोर्ड मांडीवर घेतला की मागे चार माणसं उभी राहतात
आणि त्यातलं एक तरी म्हणतंच,
'शिखर वाईच डावीकडं घ्या की.'
या गावात जलरंग सगळ्यांनाच कळतात.

घाट वीस वेळा पाठवला तर कळवतील, हात चांगला आहे.
हात चांगला आहे
हे मी दहावीपासून ऐकते आहे.

मग माळ्यावरची ती दुसरी उतरवली.
उद्यमनगरात भट्टीमागे टाकलेली जळकी वाळू,
नुसती वाळू, पाच फूट बाय चार.
आई म्हणते, ह्यात काय न्हाईच.
वडिलांनी बोट लावून बघितलं,
ओली आहे का.

'तुम्हाला आमच्याकडेच का यायचं आहे?'
पाचशे शब्द. इंग्रजीत.
इंग्रजीत बरं असतं,
क्रियापद विचारत नाही बाई की बुवा.
पुण्याच्या शिबिरात मी 'आलो' म्हणाले तर पोरी हसल्या.
आमच्याकडे मुलीही अशाच येतो, जातो, जेवतो,
भांडतो तर फारच.
पाचशे शब्दांत हे कुठं बसवणार?
बसवलं, आणि मग खोडलं.

वडील प्याटर्न करतात, सागवानाचे,
लोखंड ओतायच्या आधीचे.
त्यांची फूटपट्टी खोटी आहे.
तिचा फूट फुटापेक्षा एक सूत लांब.
लहानपणी ती मी शाळेत नेली
तर माझा चौकोन कुणाच्याच चौकोनावर बसेना.
रडत घरी आले तेव्हा म्हणाले,
'लोखंड थंड हुताना आकसतंय बघ.
म्हणून आधीच जरा मोठं धरायचं.
फुटाला एक सूत.'

काल त्यांना यादी वाचून दाखवली.
बडोद्याला गाडी सरळ जाते का, एवढंच विचारलं.
मग कानावरची पेन्सिल काढली, ती पट्टी ठेवली,
आणि सातव्या नावाला एक रेघ मारली.
खाली मारली की वरून, तेच कळत नाही.
अक्षरांच्या पायांना लागून गेली आहे.
विचारणार होते,
तेवढ्यात ते रंधा घासायला बसले.

तीन अर्ज गेले.
मुंबई राहिली, का ते मलाही सांगता यायचं नाही.
बनारसच्या जागी चहाचा डाग आहे, तो शकून मानलेला नाही.
चौथा अर्ज पडद्यावर उघडा,
एकोणीस चित्रं चढवलेली,
विसावी चौकट रिकामी.
एक घाट ठेवावा का?
एकच, पुराच्या रेघेचा.
की ती जागा
आकसण्यासाठी सोडावी?

आतून आई विचारते, झोपायचं न्हाई व्हय गं?
'आलो, आलो,' म्हणते मी,
आणि बसून राहते.