बारावी

बारा पोरींत मी बारावी.
नऊ मैदानात, तिघी बाहेर, त्या तिघींतही टोकाला मी.
त्याच फेब्रुवारीत बारावीचा इंग्रजीचा पेपर गाडीत बुडाला,
तेव्हापासून काका मला बारावीच म्हणतात,
हसतात, आणि चहाचा कप पुढे करतात.

भिलवडी स्टेशनात गाडी दोन मिनिटं.
वग्याणी सर आधी किटची पोती चढवायचे,
मग आम्हाला, मग जमलंच तर स्वतःला.
बारा जागा मागितल्या, पक्क्या झाल्या पाच.
मैदानात बसतो तशाच बसलो,
एकीचं तोंड कृष्णेकडे, दुसरीचं द्राक्षमळ्यांकडे,
आणि पद्मजा मगदूम झोपेतसुद्धा टाचा उचलून.
कुणाचा हात कधी पाठीवर पडेल, नेम नाही.

देश मी बाकावरून पाहिला.
जालंधरला धुकं एवढं की पलीकडचा खांब दिसेना,
पंच आधी खांब शोधायचे, मग शिट्टी.
कोल्लमला भाताचं शीत बोराएवढं;
रेश्मा मुलाणी म्हणाली, हे मोजून खावं लागतंय गं.
राउरकेलाच्या मातीनं मोजे असे लाल झाले
की आईनं तीनदा धुतले, चौथ्यांदा पोतेऱ्याला लावले.
निकाल विचाराल तर सरांच्या वहीत आहेत.
मला पाणी आठवतं, गावागणिक वेगळ्या चवीचं.
बाटल्या भरायचं काम माझं.

आणि आगरतळा.
समोरच्या बाकावर त्यांचीही एक टोकाची होती.
नाव तिनं मातीत बोटानं लिहिलं, मला वाचता येईना,
मग छातीवर हात ठेवून म्हणाली, खुमती.
मी खिशातले बेदाणे दिले, तासगावचे.
तिनं मीठ-मिरची लावलेलं कसलंसं आंबट फळ.
मैदानात त्यांच्या पोरी 'खो' म्हणायच्या, आमच्याही 'खो'.
दोन्हीकडे सारखा असा तेवढाच एक शब्द,
आणि आम्हा दोघींना तो कुणी दिलेला नव्हता.

शेवटच्या डावात रेश्माचा घोटा मुरगळला.
सर माझ्याकडे न बघता म्हणाले, जा.
पाचव्या चौकात बसले, टाचा वर, बोटं मातीत.
पाठीमागे धापा आल्या, गेल्या.
वाऱ्यानं वेणी हलली तरी वाटायचं, आला.
चार मिनिटं.
लांब शिट्टी.
उठले तेव्हा मांड्या लटलटत होत्या,
मैलभर पळून आल्यागत.
पलीकडून खुमती टाळ्या वाजवत होती. एकटीच.

गेल्या डिसेंबरात सांगलीला देशभरचे संघ आले.
मी भोजन समितीत: आमटीचं पातेलं, कुपनं, रांग.
त्रिपुराच्या मुली नाकं पुसत जेवल्या.
मग सामन्याला गेले त्यांच्या मागोमाग,
हाताला अजून कांद्याचा वास.
बाकाच्या टोकाला एक बसलेली, गुडघ्यावर हनुवटी.
तिची भाषा येत नाही, हाक कशी मारायची?
नुसता पाठीवर हात ठेवला.

खो म्हटलंच नव्हतं मी.
पोर ताडकन उठली, दोन पावलं पळालीसुद्धा.

मग वळली, लाजली. ओंजळीत बेदाणे घेतले
आणि खुणेनं विचारलं,
आत बी असते का?