घर तुमचंच कशावरून

लिफ्टजवळच्या स्टिकरवरचा नंबर
फोनवर दोनशे म्हणाला,
दारात येऊन अठ्ठावीसशे.
कुलूप बघायच्या आधीच ड्रिल बाहेर.
घालवला त्याला. पेट्रोलचे म्हणून शंभर घेऊन गेला,
तेही वॉचमनकडून उसने.

मग वॉचमननंच कोपरखैरण्याच्या डेपोजवळून
जोगासिंग टाकला आणलं.
सायकल, तारेत ओवलेल्या किल्ल्या.
साडेतीनशे, म्हणाला, कुलूप शाबूत राहील.
आणि पेटी न उघडताच:
घर तुमचंच कशावरून?

मी गाउनमध्ये, हातात कचऱ्याचा रिकामा डबा,
दारावर माझ्याच नावाची पाटी.
पाटी काय, कुणालाही वाचता येते.
समोरच्या लोखंडेबाईंना उठवावं लागलं साक्षीला.

दोन तारा, कान कुलपाशी. खट्.
तो उंबऱ्याबाहेरच,
जिन्याकडे तोंड करून:
आता लाइटबिल आणा.
पैसे मग.