वायसर

कोचाबाम्बाच्या लोकर-गिरणीत
रंगखात्यातला तिसरा नळ ठिबकतोय
कार्निव्हलपासून.
मी स्टोअरकीपर. वायसर माझ्याच खणात आहे,
अर्धा इंची, रबरी, काळा.
कुणी मागितला नाही.
मीही दिला नाही.

भिंतीवर साहेबांनी रंगवून घेतलंय :
नोसोत्रोस, एक कुटुंब.
स्पॅनिशला तेवढा एक शब्द पुरतो.
आमच्या केचुआत दोन आहेत.
एकात समोरचा मावतो,
दुसऱ्यात तो उंबऱ्याबाहेर उभा.
साहेब बोलतात तेव्हा आम्हाला
दुसराच ऐकू येतो.

सातुर्निनाला नव्हता येत, पूर्वी.
सुट्टीच्या दिवशीही ती
बॉयलर विझलाय ना, एवढंच बघून जायची.
गारपिटीच्या रात्री अंगावरची शाल काढून
तिनं गासडीवर टाकली,
आणि कुडकुडत म्हणाली,
"आपली लोकर भिजली असती."
आपली.

मग फाटकावर पिशव्या तपासायला लागले.
तिच्या पिशवीतून निघाले
दोन उकडलेले बटाटे, नातवाचा एक मोजा
आणि तो रफू करायला
वीतभर निळा धागा, कचऱ्यातला.
पहारेकऱ्यानं तो चिमटीत धरून उंच केला.
रांग बघत होती.
अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
रजिस्टरातली नोंद माझ्या अक्षरात आहे.

तेव्हापासून ती घड्याळ पाळते.
भोंगा झाला की हात थांबतो,
गाठ अर्धी असली तरी.
चूक काढावी असं काही नाही.
नळाशी आली की
घागऱ्याचा घेर उचलते, पलीकडे जाते.

ला पाझहून एक बाई आल्या.
आम्हाला फुगे दिले,
त्यांच्यावर लिहायला लावलं : आपलेपणा.
फॉर्तुनातोचा फुगा
शेवटच्या अक्षराला फुटला.
तो म्हणाला, मुद्दाम नाही.

काल पाळी बदलताना
प्रिमितिवा घसरली. सातवा महिना.
खांब हाताला लागला म्हणून निभावलं.

सातुर्निना माझ्या खिडकीशी आली.
फॉर्म नाही, सही नाही, नुसता हात पुढे.
"दे."
मी म्हटलं, "चला, कंपनीसाठी निदान..."
"कंपनीचं नाव काढू नकोस.
आपली पोरगी पडली असती."

पाना मी धरला. नळ तिनं खोलला.
ठिबक थांबली तेव्हा
भोंगा होऊन अकरा मिनिटं झाली होती.
दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं,
ती हसली नाही.

रजिस्टरात मी
वायसर लिहिला नाही.